नागरिकाच्या हातचे शस्त्र आणि समाजाची सुरक्षितता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. व्याख्यानाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने मला दिले होते. मराठीचा निवृत्त प्राध्यापक म्हटल्यावर संतवाङ्मय किंवा खानदेशातील लोकगीते यांपैकी काहीतरी पदरी पडेल, अशी कार्यवाहांची अपेक्षा असावी. विषय कळवल्यावर त्यांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचे आश्चर्य स्वाभाविक होते. बंदुकीचा आणि माझा संबंध शब्दकोशापुरताच आहे.

तथापि हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी उधन्यात सुताचा व्यापार करतो. मागवाल्यांकडून वसुली करून रोकड घरी आणायची, पंधरवड्याच्या पगाराला तीच पिशवी पुन्हा बाहेर काढायची, असा त्याचा क्रम. जवळपासच्या एका व्यापाऱ्याला रात्री वाटेत अडवून लुटले गेले, तेव्हापासून त्याची झोप उडाली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज करतोय. तुम्हांला काय वाटतं?” त्याला मी लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याच्यासारख्या हजार जणांनी तोच अर्ज केला आणि हजारही मंजूर झाले, तर हे उपनगर अधिक सुरक्षित होईल काय, असा तो प्रश्न आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचा विचार होय.

प्रथम शब्दांकडे वळतो. ती माझी जुनी खोड आहे. ‘हत्यार’ हा शब्द मराठीत मारण्याच्या साधनाला वापरतात, तसाच सुताराच्या, गवंड्याच्या आणि न्हाव्याच्या साधनांनाही वापरतात. खंडेनवमीला गुरुजी सुतारकामाच्या वर्गातील करवत, रंधा आणि पटाशी टेबलावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहत. माझे वडील मागावर कामाला होते. ते त्या दिवशी धोट्यावर झेंडूचे फूल ठेवीत. तलवार ज्या पाटावर असायची त्याच पाटावर श्रमाची साधने येऊन बसली आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशीचे शमीपूजन आणि सीमोल्लंघन यांतला संकेत मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. विराटाच्या नगरात शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे नगराबाहेरच्या शमीवर बांधून ठेवली. शस्त्र बाहेर ठेवून नगरात जायचे, आणि ते वापरायचे असेल तर सीमा ओलांडायची, अशी ही कल्पना आहे. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना शांततेचे पुजारी ठरवणे भाबडेपणाचे होईल. पूर्वज भरपूर भांडले आहेत. पण शस्त्राची जागा आणि वस्तीची जागा यांत अंतर असावे हे भान त्या विधीत आहे खरे.

आता इतिहासाकडे. नागरिकांनी शस्त्रे बाळगावीत की नाही, या वादात आपल्याकडे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की ते सोडवून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक प्रश्न मानाचा, दुसरा सुरक्षिततेचा.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणले. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२ साली मागे घेतला. शस्त्रांचा कायदा राहिला. त्यातली खरी बोच परवान्याची नव्हती. युरोपियनांना त्यातून सूट होती, ही होती. राज्यकर्त्याच्या जातीचा माणूस बंदूक खांद्यावर टाकून शिकारीला निघे, आणि ज्याच्या शेतात रानडुकरे शिरत तो शेतकरी मामलेदाराच्या कचेरीत हात जोडून उभा राही. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविषयी ठराव केला. एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत मोडतो, असे खुद्द गांधीजींनी १९१८ साली, याच गुजरातेत, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना लिहिले. अहिंसेच्या उपासकाने असे लिहावे याचे अनेकांना नवल वाटते. ते वाटण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ शस्त्र असून तो ते उचलत नाही त्याची अहिंसा निराळी, आणि ज्याच्याजवळ ते नाहीच त्याची अगतिकता निराळी, हा भेद त्यांना करायचा होता. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क म्हणूनच आला.

पुढे स्वराज्य आले. घटना समितीत डिसेंबर १९४८ च्या आरंभी हरि विष्णु कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर मुळातून वाचण्यासारखे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की राष्ट्रसभेची ही मागणी १८७८ च्या कायद्याच्या अपमानातून जन्मली, हे समजण्यासारखे आहे. पण तीच मागणी आता सरसकट मान्य केली तर चोर आणि दरोडेखोर यांनाही तो हक्क द्यावा लागेल. हक्कापेक्षा, राज्यावर संकट आले असता शस्त्र उचलण्याचे कर्तव्य महत्त्वाचे आहे. कामतांची सूचना फेटाळली गेली. राज्यघटनेत एकत्र जमण्याचा जो हक्क आला तो ‘शांततेने व शस्त्रांविना’ जमण्याचा आला, आणि शस्त्रास्त्रांचा विषय केंद्राच्या सूचीत गेला. माझ्या मते बाबासाहेबांनी त्या उत्तरात मानाचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न यांची गाठ सोडवली. मानाचा प्रश्न १५ ऑगस्ट १९४७ ला निकालात निघाला होता. उरला तो सुरक्षिततेचा. त्याचे उत्तर भावनेने देता येत नाही, दाखले पाहावे लागतात.

आणि दाखल्यासाठी सुरतेबाहेर जावे लागत नाही. सुरतेत उभे राहून मराठी माणसाने १६६४ विषयी बोलणे थोडे अवघड असते. आपल्या घरांतून त्या घटनेचे नाव अभिमानाने घेतले जाते, शेजारच्या गुजराती घरांतून तसे घेतले जात नाही. आणि आपली मुले आज दोन्ही घरांत जेवतात. शिवरायांच्या राजकारणाची चर्चा मी येथे करणार नाही. मला पाहायचे आहे ते शहर.

५ जानेवारी १६६४ च्या सकाळी सुरतेत बातमी आली की शिवाजीराजे गणदेवीला पोहोचले आहेत. गणदेवी दक्षिणेला, म्हणजे संकट आले ते आज आपण बसलो आहोत त्या अंगाने. दुसऱ्या दिवशी सुमारे चार हजार स्वारांनिशी ते शहरापुढे आले आणि बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या एका बागेत त्यांचा तळ पडला. साम्राज्यातले हे सर्वांत श्रीमंत बंदर, पण त्याला धड तट नव्हता. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून उचलीत असे. शिपाई मात्र कागदावरच होते. बातमी येताच तो किल्ल्यात जाऊन बसला. ज्या धनिकांना जमले त्यांनीही पैसे देऊन किल्ल्यात आसरा मिळवला. उरलेले शहर उघडे पडले, आणि पुढचे चार दिवस लूट व आग चालू राहिली. विरजी व्होरा हा त्या काळच्या जगातील अतिश्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक. त्याचा वाडा खणून काढला गेला.

या शहरात सशस्त्र नागरिक अजिबात नव्हते असे मात्र नाही. इंग्रजांची वखार होती. तिचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन. त्याने जहाजांवरून माणसे व लहान तोफा आणवल्या, दीडशेच्या आसपास इंग्रज आणि काही हिंदी शिपाई जमवले, वाजतगाजत शहरातून फेरी काढली आणि वखार लढवायची तयारी केली. डच वखारीनेही तेच केले. दोन्ही वखारी वाचल्या. नागरिकाने शस्त्र बाळगावे असे म्हणणाऱ्यांच्या हाती हा भक्कम पुरावा आहे, आणि तो मी दडवणार नाही. एवढेच नव्हे, इंग्रज वखारीच्या लगत हाजी सैय्यद बेग या व्यापाऱ्याची कोठारे होती. इंग्रजांनी बाहेर पडून हल्ला केल्यामुळे त्यांतला काही माल बचावला. सशस्त्र शेजाऱ्याचा शेजाऱ्याला उपयोग झाला.

पण गोष्ट येथे संपत नाही. वखारी वाचल्या आणि शहर जळाले, ही दोन्ही विधाने एकाच आठवड्याची आहेत. ज्या दारावर बंदूक दिसली ते सोडून लुटारू पुढच्या दाराकडे वळतो. एकूण लूट तेवढीच राहते, तिची वाटणी बदलते. माझ्या सूतवाल्या विद्यार्थ्याने पिस्तूल घेतले तर तो कदाचित वाचेल. पण वाटेत अडवणारे त्या रात्री रिकाम्या हाताने परत जातील असे समजण्याला आधार नाही. ते त्याच्या मागून सायकलवर येणाऱ्याला गाठतील. पाचशे शिपाई कागदावरच राहणे हे सुरतेचे खरे दुखणे होते. त्यावर वखारीतल्या बंदुका हा उपाय नव्हता.

पुढे काय झाले तेही पाहावे. औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली आणि इंग्रज व डच यांना त्यांच्या शौर्याबद्दल जकातीत कायमची सवलत दिली. तट बांधण्याचे फर्मान सुटले. ऑक्टोबर १६७० मध्ये शहर दुसऱ्यांदा लुटले गेले, तेव्हाही इंग्रज वखारीने आपले रक्षण केले. त्यानंतर मराठी फौज चार मजलांवर आल्याची नुसती हूल उठली तरी सुरतेची दुकाने बंद होत आणि व्यापारी पळ काढीत. म्हणजे वखारी दोनदा वाचूनही बंदराचा धीर वाचला नाही. आणि ज्यांच्या हातात बंदुका राहिल्या त्या व्यापारी पाहुण्यांनी १७५९ साली सुरतेचा किल्लाच ताब्यात घेतला. १८०० साली शहराचा सगळा कारभार त्यांच्याकडे गेला. बळी तो कान पिळी. स्वसंरक्षणासाठी बाळगलेले खाजगी शस्त्र खाजगीच राहते अशी हमी कोणी द्यावी?

या शहरातला दुसरा दाखला १९०७ चा. राष्ट्रसभेचे ते अधिवेशन तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये भरले होते. २७ डिसेंबरला टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर उभे राहिले, गोंधळ माजला, कोठून तरी एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या, शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. शाळेत हा प्रसंग शिकवताना मुले हसतात. मला मात्र अलीकडे त्यात वेगळेच काही दिसते. देशातली उत्तमातली उत्तम डोकी त्या मंडपात होती, सगळी शिकलेली होती, आणि त्या घटकेला सगळ्यांचा तोल गेलेला होता. हाताला जे लागले ते फेकले गेले. हाताला जोडा लागला. त्या गर्दीतल्या शंभर जणांच्या खिशात परवान्याचे पिस्तूल असते तर? १९१६ साली लखनौला जहाल आणि मवाळ पुन्हा एका मंडपात बसू शकले, कारण १९०७ मध्ये जखमांवर भागले होते. शस्त्रबंदीचा अपमान सोसणाऱ्या पिढीला त्या एका दुपारी त्याच बंदीचा लाभ झाला असे म्हटले, तर टिळकभक्तांनी रागावू नये. मीही त्यांच्यातलाच आहे.

तिसरा दाखला पुस्तकातला नाही. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येच्या घटनेनंतर या शहरात जे घडले ते येथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्याचा तपशील मी उगाळणार नाही. एका रात्रीचे तेवढे सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही पंधरा-वीस जण काठ्या घेऊन बसलो होतो. दिवे गेलेले. हूल तर दर अर्ध्या तासाला उठत होती. मध्यरात्रीनंतर रस्त्याच्या टोकाला तीस-चाळीस माणसांचा काळा जमाव दिसला. आमच्यातला एक जण ओरडला, “आले!” सगळे उठले, दगड हातात आले. जमाव जवळ येत होता. हाकेच्या अंतरावर आल्यावर त्यांच्यातल्या एकाने अहिराणीत विचारले, “भाऊ, स्टेशनकडे जावानी वाट कोणती?” ते मागावरचे कामगार होते. डोक्यावर वळकट्या, बरोबर दोन लहान पोरे. गावी पळून जाण्यासाठी उधना स्टेशन गाठायला निघाले होते.

श्रोतेहो, काठीला जवळ जावे लागते. जवळ गेल्यावर चेहरा दिसतो, बोली कळते, पोर दिसते. बंदूक हाकेच्या अंतरापलीकडे मारते. त्या रात्री आमच्यात एक बंदूक असती, आणि तीही कायदेशीर, परवान्याची, अत्यंत सज्जन माणसाच्या हातात असती, तर त्याने ती गल्लीच्या रक्षणासाठीच झाडली असती. बंदुकीविषयी माझे जे मत आहे ते त्या रात्रीचे आहे. नंतरचे वाचन त्याला पूरक ठरले.

यावर एक सयुक्तिक आक्षेप नेहमी घेतला जातो. गुंडाला परवाना लागत नाही. मग कायदा पाळणाऱ्यानेच का हात बांधून बसावे? आक्षेपातले निरीक्षण खरे आहे. जिनिव्हाच्या एका अभ्याससंस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात नागरिकांजवळ सुमारे सात कोटी बंदुका असाव्यात. त्यांतल्या नोंदलेल्या एक कोटीही नाहीत. आपण खानदेशी माणसांना यासाठी आकडेवारी लागत नाही. चोपड्यापलीकडे, सातपुड्याच्या कुशीत मध्य प्रदेशाच्या सीमेवर असलेले उमर्टीचे नाव गावठी पिस्तुलांच्या संदर्भात वर्तमानपत्रांत किती वेळा येते ते आपण जाणतोच. ‘गावठी कट्टा’ हा शब्द ऐकला की मला वाईट वाटते. ‘गावठी’ हे विशेषण आमच्या लहानपणी तुपाला आणि कोंबडीला लागत असे.

परंतु या निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. बेकायदा शस्त्रे बेसुमार आहेत, म्हणून ती गोळा करा, बनवणाऱ्यांना दुसरा धंदा द्या, विकणाऱ्यांना पकडा, हा निष्कर्ष समजतो. म्हणून आणखी शस्त्रे आणा, हे औषध रोगाच्याच जातीचे आहे. शिवाय परवान्याचे शस्त्र परवाना घेणाऱ्याच्या हातातच राहते असेही नाही. ते कपाटात राहते, कपाटाला किल्ली असते, आणि किल्ली कोठे असते हे घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. लग्नाच्या वरातीत आनंदाने झाडलेल्या गोळीने माणसे मेल्याच्या घटना उत्तरेत इतक्या झाल्या की २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून अशा गोळीबाराला वेगळी शिक्षा सांगावी लागली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगायच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. १९५९ चा मूळ कायदा परवाना देण्यापूर्वी पोलीस चौकशीची अट घालतो. अर्जदार शांत स्वभावाचा आहे की नाही ते पाहणे, हा त्या चौकशीचा गाभा असायला हवा. प्रत्यक्षात त्याची पोच कोठवर आहे हे पाहिले जाते, अशी सार्वत्रिक तक्रार आहे. परवान्याची बंदूक पुष्कळांना चोरापेक्षा चार लोकांत मिरवण्यासाठी हवी असते, हे उघड गुपित आहे.

उलट बाजूचा एक प्रामाणिक दाखला दिला पाहिजे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवा समाजाला व जम्मा जमीनधारकांना परवान्यापासून सूट आहे. ब्रिटिश काळापासूनची ती सूट २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. तेथे घरोघर बंदूक आहे, कैलपोळ्द या सणाला तिची पूजा होते, आणि म्हणून तो जिल्हा रणांगण झालेला नाही. स्वित्झर्लंडचेही नाव असेच घेतले जाते. याचा अर्थ एवढाच, की बंदूक आपोआप रक्त सांडत नाही. कोडगूत तिच्याभोवती कुळ आहे, जमीन आहे, पिढ्यान्पिढ्यांची ओळख आहे. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचे सैनिकी शिक्षण आहे. उधन्यात काय आहे? येथे ओडिया, भोजपुरी, तेलुगू, अहिराणी आणि गुजराती बोलणारी माणसे एका चाळीत राहतात. शेजारी दर सहा महिन्यांनी बदलतो. ही आपल्या उपनगराची निंदा नव्हे. मीही याच चाळीतून वर आलो आहे. पण शस्त्रावर लक्ष ठेवणारी जी जुनी नाती कोडगूत आहेत ती येथे अजून घडायची आहेत.

अमेरिकेचा दाखला सर्वपरिचित आहे, म्हणून आटोपता घेतो. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे, आणि नागरिकांजवळच्या बंदुका आज लोकसंख्येपेक्षा अधिक असल्याचा अंदाज आहे. अधिक बंदुका म्हणजे अधिक सुरक्षितता हे सूत्र खरे असते, तर तो जगातील सर्वांत सुरक्षित देश ठरायला हवा होता. २०२१ या एका वर्षात तेथे बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. त्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. ज्या शत्रूसाठी बंदूक घरात आणली तो आलाच नाही. घरातलाच कोणी एका वाईट रात्री कपाटापाशी गेला. हिऱ्याच्या आणि कापडाच्या धंद्यातली मंदी, कर्ज, दारू, परीक्षेचा निकाल यांनी आपल्या वस्तीत कोणती घरे होरपळली ते मी येथे सांगायला नको. विष घेतलेला माणूस कधी कधी रुग्णालयातून परत येतो आणि पुढे तीस वर्षे नातवंडे खेळवतो. गोळी ती सवड सहसा देत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर आपल्याकडे हा वाद नव्याने पेटला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेक्यांनी पन्नासहून अधिक माणसे मारली; एखाद्या प्रवाशाजवळ पिस्तूल असते तर, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. त्या स्थानकात बंदुका नव्हत्या असे नाही. रेल्वे पोलिसांजवळ जुन्या रायफली होत्या. शिक्षण, सराव आणि हुकूम देणारा माणूस कमी पडला. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर हातात केवळ काठी असलेले सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. या प्रसंगाचे काव्य करण्याचा मोह मी टाळतो. ओंबळ्यांच्या हातात चांगले शस्त्र आणि अंगात चिलखत असायला हवे होते. माझा मुद्दा हाच आहे. ज्याला समाजाने रक्षणाचे काम सोपवले त्याला काठी देऊन चौपाटीवर उभे करायचे, आणि ज्याला सूत विकायचे आहे त्याने पिस्तूल खोचायचे, ही उलटी रचना आहे. इनायतखानाच्या पाचशे शिपायांची जागा व्यापाऱ्याच्या कमरपट्ट्याने भरून निघत नाही.

बाबासाहेबांनी ज्या कर्तव्याचा उल्लेख केला त्याचे एक रूप त्यांच्या भाषणाच्या दोन वर्षे आधीच मुंबई प्रांतात आकाराला आले होते. डिसेंबर १९४६ मध्ये, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, प्रांतात गृहरक्षक दल उभे राहिले. सामान्य नागरिकांनी गणवेश घालायचा, कवायत शिकायची, अधिकाऱ्याच्या हुकमाखाली काम करायचे, आणि काम संपले की आपल्या दुकानात किंवा वर्गात परत जायचे, अशी ती योजना. नागरिकाच्या हाती शस्त्र द्यायचेच असेल तर ते असे, मोजून, शिकवून, हिशेब मागून द्यावे. आज या दलातील माणूस आपल्याला वाहतुकीच्या चौकात उन्हात उभा दिसतो आणि त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी किती जण त्यात गेले, याची चौकशी मी केली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावे मिळाली. परवान्यासाठी अर्ज केलेल्यांची संख्या, कानावर आले त्यावरून, याहून मोठी आहे.

माझ्या सूतवाल्या विद्यार्थ्याला मी विचारले, “ती पिशवी मुळात लागते कशाला?” तो घोटाळला. पगार कामगारांच्या खात्यांत भरता येतो, वसुली धनादेशाने किंवा मोबाइलवरून होऊ शकते, हे त्याला माहीत होते. पण रोखीच्या व्यवहाराचे त्याचे स्वतःचे काही लाभ होते, आणि ते त्याला सोडवत नव्हते. त्याविषयी मी अधिक बोलत नाही. तो सभागृहात आहे. रात्री दिवे नसलेला तो रस्ता, पाळीच्या वेळी न फिरणारी पोलीस गस्त, यांबद्दल महापालिकेला आणि आयुक्तांना त्याने व त्याच्या संघटनेने किती अर्ज केले, हेही मी विचारले. अर्ज एकच होता, पिस्तुलाचा.

या सभागृहात माझ्याशी असहमत असणारे पुष्कळ जण असणार. सोन्याचांदीच्या पेढ्यांवर बसणारे आहेत, बँकेची रोकड नेणारे आहेत, शेतात रानडुकरांचा उपद्रव सोसणारे, गावाहून आलेले नातेवाईकही असतील. त्यांच्या अडचणी मला पुस्तकातून कळलेल्या आहेत, त्यांना त्या अंगावर झेलाव्या लागतात. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे असे मला सांगण्यात आले. पहिला प्रश्न त्यांच्याकडून यावा, अशी माझी इच्छा आहे.